रक्त कमी आहे, पण का कमी आहे?

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बचत गटांच्या आपल्या या कार्यक्रमात आज आम्ही कर्जफेडीबद्दल बोलणार नाही, की पापड-लोणच्यांच्या मार्केटिंगबद्दलही नाही. आज गोष्ट आहे रक्ताच्या एका रिपोर्टची. ती थोडी जुनी आहे, थोडी परदेशातली आहे, पण बरीचशी आपल्या मुंबईतली आहे. आणि ती सांगायचं कारण आमच्याच एका गटात घडलं.

आमच्या गटातल्या एक वहिनी. वय पस्तिशीच्या आत, दोन लेकरं, घरची दीड एकर शेती आणि वर दुसऱ्याच्या उसाची खुरपणी. गावात तपासणी शिबिर झालं तेव्हा त्यांचं हिमोग्लोबिन आठच्या जवळ निघालं. आम्ही बायकांनी काय केलं? नेहमी करतो तेच. लोहाच्या लाल गोळ्या नियमित घ्या, गूळ-शेंगदाणे खा, पालेभाजी खा, चहा जेवणाबरोबर घेऊ नका. वहिनींनी सगळं केलं. महिन्याच्या बैठकीत आम्ही विचारायचो, "गोळ्या चालू आहेत ना?" त्या म्हणायच्या, "चालू आहेत, पण जिना चढवत नाही हो." आम्ही म्हणायचो, "वेळ लागतो." तीन महिने असेच गेले. मग डोळे पिवळे दिसायला लागले. घरच्यांनी कावीळ म्हणून झाडपाल्याचं औषध आणलं, नाकात थेंब घालून झाले. दिवाळीच्या तोंडावर वहिनी चुलीपुढेच चक्कर येऊन पडल्या. पुण्याला नेलं तेव्हा हिमोग्लोबिन पाचच्या खाली होतं.

खरी घाबरगुंडी तिथून पुढे उडाली. रक्त चढवायचं ठरलं आणि रक्तपेढीतून निरोप आला की एकही पिशवी जुळत नाही. रक्तगट साधाच होता, त्या गटाच्या पिशव्याही होत्या, पण तपासणीत प्रत्येक पिशवी नको म्हणत होती. सासूबाई आम्हाला फोनवर म्हणाल्या, "अगं, हिचं रक्त कुणाशीच जुळंना. हे काहीतरी बाहेरचं दिसतंय."

बाहेरचं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका तपासणीचा रिपोर्ट आला, कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह. आजाराचं नाव ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया. म्हणजे शरीराची जी राखणदार यंत्रणा बाहेरच्या जंतूंशी लढते, तीच आपल्या लाल रक्तपेशींना परकं समजते आणि त्यांना मारून टाकते. वहिनींच्या अंगात रक्त तयार होत होतं, पण टिकत नव्हतं. लोहाच्या गोळ्यांचा दोष नव्हता आणि वहिनींचाही नव्हता. पण "का कमी आहे?" हा प्रश्न आम्ही तीन महिने विचारलाच नाही, हा दोष आमचा. म्हणून आम्ही त्या रिपोर्टची माहिती काढायला बसलो. एकेका ओळीमागे केवढा इतिहास आहे ते तेव्हा कळलं.

सुरुवात करू मुंबईच्या परळपासून, कारण सगळी पांढरी बाई लोहानेच बरी होत नाही, हे दाखवून देणारं मोठं काम तिथं झालं. साल 1928. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई मुंबईत आल्या. आपल्याकडे स्त्रियांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या डॉक्टर मार्गारेट बाल्फोर यांनी त्यांना या कामासाठी सुचवलं होतं. गिरणगावातल्या गरीब बायका बाळंतपणाच्या काळात पांढऱ्याफटक पडून मरत होत्या, त्याचं कारण शोधायचं होतं. काम परळच्या हाफकिन संस्थेतून चालायचं. विल्स बाईंनी नुसतं रक्त तपासलं नाही, बायका राहतात कुठे, खातात काय, याचीही पाहणी केली. त्या निबंधांवर मेहता आणि तळपदे या भारतीय संशोधकांची नावं आहेत.

सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना काय दिसलं? लोह कमी असलं की लाल पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी मात्र मोठाल्या होत्या. म्हणजे आजार निराळा. मग आहारावर प्रयोग झाले, आधी उंदरांवर, माकडांवर, आणि शेवटी यीस्टच्या अर्कातून, मार्माइट नावाच्या स्वस्त पदार्थातून, गुण आला. 1931 मध्ये त्यांनी ते छापून प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज गरोदरपणी तुमच्या हातात लोह आणि फॉलिक ॲसिड एकत्र असलेली जी गोळी पडते, त्यातला दुसरा अर्धा भाग परळच्या त्या बायकांच्या रक्तातून सापडलेला आहे.

त्या काळच्या डॉक्टरांकडे आणखी एक खूण होती, आणि ती आजही आपल्या रिपोर्टवर असते. रेटिक्युलोसाइट, म्हणजे नुकत्याच जन्मलेल्या लाल पेशी. लाल पेशीचं आयुष्य साधारण 120 दिवसांचं. रोज थोड्या जुन्या जातात, तेवढ्याच नव्या हाडांच्या मगजातून येतात. म्हणून निरोगी माणसात शंभरातल्या साधारण एक-दोन पेशीच नवजात असतात. औषध लागू पडलं की हा आकडा वाढायचा आणि डॉक्टरांना कळायचं, कारखाना सुरू झाला. पण औषध न देताच हा आकडा खूप वाढलेला असेल आणि तरी रक्त कमी असेल, तर अर्थ उलटा होतो. कारखाना रात्रंदिवस चालू आहे, पण माल गोदामातच फुटतोय. वहिनींचा हा आकडा चौदा टक्के होता.

आता पेशी फुटतात कशा, हा प्रश्न. त्याचं उत्तर शोधायला मुंबईहून थोडं मागे आणि लांब, ऑस्ट्रियाच्या व्हिएन्ना शहरात जावं लागतं. तिथले कार्ल लँडस्टायनर यांचं नाव तुम्हाला माहीत नसेल, पण ए, बी, ओ हे रक्तगट त्यांनीच विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शोधले. पुढे 1930 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यांच्या काळी काही रोगी असे यायचे, की थंडीत बाहेर पडले की लघवी लाल-काळी व्हायची. 1904 मध्ये डोनाथ आणि लँडस्टायनर यांनी एक साधा प्रयोग केला. रोग्याचं रक्त बर्फात गार केलं, मग पुन्हा अंगाच्या उष्णतेइतकं कोमट केलं. पेशी फुटल्या. गार केलंच नाही तर फुटत नव्हत्या. त्या रोग्याच्या रक्तातच असं काही होतं, जे थंडीत त्याच्याच पेशींना चिकटायचं आणि ऊब मिळताच त्यांना फोडायचं. शरीर स्वतःच्याच विरुद्ध उठत नाही, अशी त्या वेळी मोठमोठ्या शास्त्रज्ञांची समजूत होती. त्या समजुतीला इथं तडा गेला.

पहिल्या महायुद्धाच्या आसपास हॉलंडच्या व्हान डेन बर्ग यांनी काविळीचे दोन प्रकार रक्तातच वेगळे ओळखायची रीत काढली. मैत्रिणींनो, हे आपल्या भागात फार कामाचं आहे, कारण आपल्याकडे पिवळे डोळे म्हटलं की कावीळ, आणि कावीळ म्हटलं की यकृत, एवढंच ठरलेलं. लाल पेशी फुटली की तिच्यातल्या हिमोग्लोबिनपासून पिवळा बिलिरुबिन तयार होतो. यकृत त्यावर काम करून तो पित्तात सोडतं. यकृताकडे पोचण्याआधीचा तो इनडायरेक्ट, आणि यकृतातून गेलेला तो डायरेक्ट. यकृत धडधाकट असूनही पेशी भराभरा फुटत असतील, तर इनडायरेक्ट वाढतो. वहिनींचा तोच वाढला होता. यकृताचे बाकीचे आकडे बरे होते. नाकात थेंब घालून त्याला काय होणार?

एवढं कळूनही एक मोठा पेच उरला होता. पेशी फुटण्याचा आजार काहींना जन्मतः असतो, आईवडिलांकडून आलेला, आणि काहींना मधूनच होतो. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींत त्याच लहान, गोल, गच्च पेशी दिसतात. त्यांना स्फेरोसाइट म्हणतात. निरोगी लाल पेशी मध्ये दबलेली असते, ताटलीसारखी. या गोटीसारख्या होतात. मग कोणाला काय झालंय ते ओळखायचं कसं?

उत्तर सापडलं रेल्वेच्या डब्यात. दौंडकरांना हे आवडेल, कारण दौंडच्या शटलमध्ये बसून आपणही आयुष्याचा बराच विचार केलेला आहे. दुसरं महायुद्ध चालू होतं. रॉबिन कूम्ब्स नावाचे तरुण संशोधक लंडनहून केंब्रिजला चालले होते. ते शिक्षणाने जनावरांचे डॉक्टर. डब्यात दिवे अगदी मंद. त्या अंधुक उजेडात बसल्या बसल्या त्यांना युक्ती सुचली, असं त्यांनीच पुढे सांगितलं.

युक्ती अशी. लाल पेशींवर चिकटलेले प्रतिद्रव्याचे कण, अँटिबॉडी, इतके लहान असतात की त्यांचे हात एका पेशीपासून दुसऱ्या पेशीपर्यंत पोचत नाहीत. म्हणून नळीत काहीच दिसत नाही. आता फुगडीचं डोळ्यांपुढे आणा. दोघी लांब उभ्या आहेत, हात पोचत नाहीत. मध्ये तिसरी आली आणि तिने दोघींचे हात धरले की साखळी झाली. कूम्ब्स यांनी ती तिसरी सशाकडून आणली. सशाला माणसाच्या रक्तातलं द्रव्य टोचलं की सशाचं शरीर त्याविरुद्ध प्रतिद्रव्य बनवतं. ते प्रतिद्रव्य नळीत घातलं की चिकटलेल्या पेशी एकमेकींना धरतात आणि गुठळ्या डोळ्यांना दिसतात. पेशींवर काही चिकटलेलंच नसेल तर गुठळ्या होत नाहीत. कूम्ब्स, मूरांट आणि रेस या तिघांनी 1945 मध्ये ही तपासणी प्रसिद्ध केली. मोरेस्की नावाच्या इटालियन संशोधकाने 1908 मध्येच हे तत्त्व मांडलं होतं, पण ते विस्मरणात गेलं होतं.

ही तपासणी मुळात आर-एच निगेटिव्ह आई आणि आर-एच पॉझिटिव्ह बाळ यांच्यासाठी निघाली. आपल्यापैकी ज्यांचा गट निगेटिव्ह आहे, त्यांनी गरोदरपणी 'आयसीटी' केलेली आठवेल. ती म्हणजे इनडायरेक्ट कूम्ब्स टेस्ट. आईच्या रक्तद्रवात तशी प्रतिद्रव्यं फिरताहेत का, ते ती पाहते. डायरेक्ट कूम्ब्स, म्हणजे 'डीसीटी', पेशींवर ती आधीच चिकटलेली आहेत का, ते पाहते. वहिनींची पॉझिटिव्ह आली ती ही दुसरी.

लगेच पुढच्या वर्षी, 1946 मध्ये, तो जुना पेच सुटला. कॅथलीन बोरमन आणि बार्बरा डॉड या दोघी संशोधक, आणि त्यांच्याबरोबर जॉन लाउटिट. या तिघांनी दोन्ही प्रकारच्या रोग्यांवर कूम्ब्स टेस्ट करून पाहिली. जन्मतः आजार असलेल्यांची निगेटिव्ह, मधूनच झालेल्यांची पॉझिटिव्ह. सूक्ष्मदर्शकाला जे वेगळं करता येत नव्हतं ते एका नळीने वेगळं केलं. आणि ते वेळेवर झालं. कारण 1950 च्या सुमारास कॉर्टिसोन आणि त्या जातीची स्टेरॉइड औषधं हातात आली. जन्मतःच्या आजारात त्यांचा उपयोग नाही, तिथे गरज पडली तर प्लीहा, आपण जिला पाणथरी म्हणतो, ती काढतात. मधूनच झालेल्या आजारात मात्र ही औषधं शरीराच्या राखणदाराला शांत करतात. म्हणजे उपचार कोणता, हे रिपोर्टवर ठरायला लागलं.

आता पुन्हा परळला येऊ. हाफकिनच्याच परिसरात सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय आहे. केईएम 1926 मध्ये सुरू झालं, आणि तिथं डॉक्टर-शिक्षक भारतीयच असावेत हा आग्रह पहिल्यापासून होता. 1952 मध्ये मुंबईत डॉक्टर वाय. एम. भेंडे, देशपांडे आणि भाटिया यांच्यापुढे असं रक्त आलं, जे कुणाशीच जुळत नव्हतं. तपासल्यावर कळलं, ए, बी, ओ या सगळ्या गटांच्या पेशींवर जो एच नावाचा पाया असतो, तोच या माणसांत नाही. म्हणून ओ गटाचं रक्तसुद्धा त्यांना चालत नाही. हाच जगप्रसिद्ध 'बॉम्बे रक्तगट'. आपल्या देशात तो साधारण दहा हजारांत एकाला असतो. तो शोध इंग्लंडमधल्या संशोधकांबरोबर मिळून प्रसिद्ध झाला. त्यांत कूम्ब्सचे जोडीदार रेस होते आणि रूथ सँगर, विनिफ्रेड वॉटकिन्स या दोन बायकाही होत्या.

आमच्या वहिनींचा गट बॉम्बे नव्हता. पण प्रश्न त्याच घरातला. पिशवी का जुळत नाही? बॉम्बे गटात उत्तर आहे, रोग्याकडे जे नाही ते बाकी सगळ्यांकडे आहे. वहिनींच्या आजारात उत्तर आहे, त्यांची प्रतिद्रव्यं स्वतःच्या पेशींवर जशी तुटून पडतात तशीच कुणाच्याही पेशींवर पडतात, म्हणून प्रत्येक पिशवी नको म्हणते. असे गुंते सोडवायला 1957 मध्ये मुंबईत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं रक्तगट संदर्भ केंद्र निघालं. तीच आज केईएमच्या आवारातली राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था. अशा रक्तात खरोखर धोक्याचं प्रतिद्रव्य लपलंय का, ते पाहून त्यातल्या त्यात योग्य पिशवी निवडता येते. जीवावर बेतलं असेल तर पिशवी पूर्ण जुळत नाही म्हणून रक्त देणं थांबवत नाहीत. डॉक्टर नजरेखाली, सावकाश देतात. वहिनींना तसंच एक पिशवी रक्त दिलं आणि स्टेरॉइड सुरू केलं.

आता रिपोर्ट कसा वाचायचा, ते एकदा एकत्र सांगतो. हिमोग्लोबिन कमी. रेटिक्युलोसाइट वाढलेले. इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढलेला. एलडीएच वाढलेलं, कारण ते पेशीच्या आत असतं आणि पेशी फुटली की बाहेर येतं. हॅप्टोग्लोबिन कमी, कारण फुटलेल्या पेशीतलं हिमोग्लोबिन गोळा करता करता ते संपून जातं. काचपट्टीवर स्फेरोसाइट. आणि डीसीटी पॉझिटिव्ह. हे सगळं एकत्र आलं की डॉक्टर निदानाकडे जातात. एकट्या ओळीवर विसंबायचं नसतं. नमुना तालुक्याहून पुण्याला जाताना हेलकावे खाऊन फुटला तरी एलडीएच वाढलेलं दिसतं. आजार असूनही शंभरात चार-पाच जणांची डीसीटी निगेटिव्ह येते. सुरुवातीला काहींचे रेटिक्युलोसाइटही वाढलेले नसतात.

उलटही होतं. डीसीटी पॉझिटिव्ह, पण आजार नाही. 1966 मध्ये लंडनच्या शीला वर्लेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की ब्लडप्रेशरच्या मिथाइलडोपा या गोळीने काहींची कूम्ब्स टेस्ट पॉझिटिव्ह येते, आणि त्यातल्या थोड्यांनाच पेशी फुटण्याचा त्रास होतो. ही गोळी आपल्याकडे गरोदर बायकांना आजही देतात आणि ती गरजेची असते. मनाने बंद करू नका. फक्त तपासणीच्या वेळी कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत ते सांगा, पाकिटंच पिशवीत घालून न्या.

आणि व्हिएन्नाचा तो बर्फ आठवा. काहींची प्रतिद्रव्यं थंडीतच काम करतात. अशांच्या रक्ताच्या नळीत गार होताच गुठळ्या होतात, मशीन चुकीचे आकडे दाखवतं, रक्तगटसुद्धा नीट कळत नाही. मग तो नमुना बर्फाच्या डब्यात न नेता कोमट ठेवून तपासावा लागतो. थंडीत बोटं निळी पडतात, लघवी चहासारखी होते, असं काही असेल तर ते आधीच सांगायला हवं.

एक गैरसमज व्हायला नको. हा आजार दुर्मिळ आहे. लाखभर माणसांत वर्षाला एक ते तीन जणांना होतो. आपल्या बहुतेक बायकांचं रक्त लोह कमी असल्यानेच कमी असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. म्हणून लाल गोळी सोडायची नाही. पण गोळ्या नीट घेऊन महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासायचं. वाढलं नाही, उलट घटलं, किंवा डोळे पिवळे, लघवी गडद, धाप, डाव्या बरगडीखाली जड वाटणं, यातलं काही असलं तर आशाताईंना किंवा आरोग्य केंद्रात सांगायचं आणि डॉक्टरांना सरळ विचारायचं, "साहेब, रक्त तयार होत नाही की फुटतंय?" सांधे दुखणं, तोंडात फोड, चेहऱ्यावर चट्टे असतील तर तेही सांगा, कारण ल्यूपससारख्या आजाराबरोबर हा येतो, आणि ल्यूपस बायकांनाच जास्त होतो. मोठ्या रुग्णालयात गेलात तर उपचार सरकारी योजनेत बसतो का, ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारा.

वहिनींचं हिमोग्लोबिन दोन महिन्यांत दहाच्या वर गेलं. स्टेरॉइडने तोंड सुजलं, साखर थोडी वाढली, तेव्हा घरचे म्हणाले, गोळ्या बंद कर. त्यांनी केल्या नाहीत, कारण या गोळ्या एकदम बंद करायच्या नसतात, डॉक्टर हळूहळू कमी करतात, हे त्यांना नीट सांगितलेलं होतं. आजार पुन्हा उलटू शकतो म्हणून त्या दर महिन्याला तपासणीला जातात. भाड्याचे पैसे गटाच्या अंतर्गत कर्जातून घेतात आणि वेळेवर फेडतात.

आमच्या गटाच्या रजिस्टरमध्ये आता एक रकाना वाढवला आहे. पूर्वी तिथे फक्त हिमोग्लोबिनचा आकडा आणि तारीख असायची. आता पुढे लिहितो, "महिन्याभराने किती?" आणि आकडा वाढला नसेल तर "कारण विचारलं का?" तुमच्याही गटात हा रकाना पुढच्या बैठकीपासून आखून घ्या.